प्रश्न आधी परत म्हण

११ जानेवारी

आज पहिल्याच वाक्याला चमचा वाजला!

‘माझ्या संशोधनाचा विषय असा आहे की—’ एवढंच म्हटलं होतं. घरातल्या बोळाच्या टोकाकडून टण्. चहाच्या पियालीवर चमचा. सासरे तिथे बसतात, कोटांच्या खुंट्यांखाली, स्टूल टाकून. सभागृहाची शेवटची रांग इतकीच लांब असते म्हणे. मी बैठकीच्या खोलीत, बंद टीव्हीला पाठ करून उभी. पडद्यावर दाखवायची काठी म्हणून हातात कणीक लाटायचं लांब लाटणं.

‘विषय त्यांना माहीत आहे. दारावर कागद लावलेला असतो. तुला काय सापडलं ते सांग.’

‘बाबा, थोडी प्रस्तावना—’

‘प्रस्तावना लग्नात करतात. पुन्हा.’

पुन्हा. चमचा. पुन्हा. चमचा. सासूबाई सोफ्यावर लोकरीचं काही विणत होत्या. मान वर केली नाही, पण हसल्या. मी पाहिलं.

मार्चमध्ये माझ्या प्रबंधाची जाहीर परीक्षा. वीस मिनिटं बोलायचं, मग प्रश्न, मग मंडळाचं गुप्त मतदान. निवृत्त होईपर्यंत सासरे आमच्या, बिश्केकच्या संस्थेतले सर्वांत चांगले वक्ते होते. भूगोलाशी काही देणंघेणं नसलेली मुलंही त्यांच्या तासाला येऊन बसत. तेव्हा मला शिकवणार कोण, तर तेच! मी मागितलं नव्हतं. मेदेरने मागितलं. माझ्या नवऱ्याने, मला न विचारता. ‘बाबांना बरं वाटेल,’ म्हणाला.

बाबांना बरं वाटतंय. टण्.

१२ जानेवारी

पाठ केल्यासारखं बोलले की चमचा. कागदावर पाहिलं की चमचा. पडद्याकडे तोंड वळवलं तर दोनदा.

‘भिंतीशी बोलायला आलीस का, सूनबाई? तुमची सगळी पिढी भिंत वाचते.’

भांडी घासताना त्यांची पियाली सगळ्यांत शेवटी घेतली. एवढाच सूड.

१५ जानेवारी

पडद्यावर दाखवायच्या सातव्या चित्राबद्दल, त्या नकाशाबद्दल, लिहायलाच हवं.

तुयुक-जारची दरी. वर उभा उतार, खाली गाव. डोंगरावरून बर्फाचा लोट सुटला तर तो कुठवर येईल, त्याची एक तांबडी रेघ १९७८च्या नकाशावर आहे. रेघेच्या वर घर बांधायचं नाही. खाली बांधायला हरकत नाही. ती रेघ चुकली आहे. लोट तिच्या खाली येतो. माझा सगळा प्रबंध म्हणजे हे एक वाक्य आणि त्याचे पुरावे.

रेघ सासऱ्यांनी काढलेली.

दरी मी लग्नाआधी निवडली होती. मेदेर नंतर भेटला. हे कुणाला सांगून पटत नाही.

आणि त्यांचं नाव मी घेऊ शकत नाही. आम्हा किर्गिझांत सून सासऱ्याचं नाव घेत नाही. सासूचं नाही, थोरल्या दिरांचं नाही. या वहीतही मी ते कधी लिहिलेलं नाही. हात थांबतो. मला कुणी मारलं नव्हतं, धमकावलं नव्हतं. तरी थांबतो! सभागृहात मात्र सगळं उलट. तिथे रशियन चालते, आणि तिथे माणसाचा उल्लेख त्याचं नाव आणि त्याच्या वडिलांचं नाव जोडूनच करायचा. घरात नाव घेतलं तर मी उद्धट. तिथे नाही घेतलं तर उद्धट.

सरावात मी ‘एक जुना नकाशा’ म्हणते. सगळीकडे वाजणारा चमचा तिथे वाजत नाही.

१६ जानेवारी

काल एक गोष्ट राहिली. सर्वांत महत्त्वाची.

यंदा त्या रेघेच्या खाली शाळेचं वसतिगृह बांधायला घेतलंय. वरच्या वस्त्यांतली मुलं हिवाळाभर तिथे राहणार. आपत्ती खात्यातल्या इसाकोवची सही झाली की भिंती उभ्या राहतील. मी त्याला अहवाल पाठवला होता. पोच आली. पोचच आली. आता ताजिगुलबाईंनी, माझ्या मार्गदर्शकांनी, त्याला परीक्षेला बोलावलंय. तो बसेल, ऐकेल. अहवाल वाचणारा माणूस नाही तो. जे कानावर पडेल तेवढंच त्याला कळणार.

म्हणजे वीस मिनिटं.

२१ जानेवारी

ताजिगुलबाई म्हणतात, ‘नाव घ्यायचं. खणखणीत. विज्ञानात सासरा नसतो.’

त्यांना सोपं आहे. त्या सासऱ्यांच्याच विद्यार्थिनी. भर वर्गात सासऱ्यांनी बाईंचा निबंध टेबलावर आपटून ‘हा स्वयंपाकघरात न्या’ म्हटलं होतं. ही गोष्ट मी बाईंकडून इतक्यांदा ऐकली आहे की तो निबंध मीच लिहिला होता असं वाटायला लागलंय.

‘तू उभी राहून त्यांचं नाव घेशील ना, बुरुल, तेव्हा मी पहिल्या रांगेत बसून मान वळवणार. मला त्यांचं तोंड बघायचंय.’

‘आणि वसतिगृह?’

‘हो हो, ते तर आहेच.’

यांच्या भांडणात मी लाटणं.

२ फेब्रुवारी, तुयुक-जार

मिनीबसने गावापर्यंत, पुढे पायी. बर्फ मांडीपर्यंत.

वसतिगृहाच्या पायाचे खड्डे खणून झालेत. कोपऱ्यांना खुंट्या, खुंट्यांना तांबड्या चिंध्या. मुख्याध्यापक मला हौसेने फिरवत होते. इथे झोपायच्या खोल्या, इथे जेवण, इथे मुलींची बाजू.

मी वरच्या उताराकडे बोट दाखवलं.

‘छे छे, बाई! इथे काही येत नाही. आक्साकाळांचा, बुजुर्गांचा, नकाशा आहे ना आमच्याकडे. साक्षात तुमच्या सासऱ्यांचा! तुम्हाला मी काय सांगायचं?’

घरात नेऊन त्यांनी मला नान, साय आणि जर्दाळूचा मुरंबा खायला घातला. त्यांना वाटलं मी सासऱ्यांच्या वतीने पाहणीला आले. मी खाल्लं. बोलून काय करणार होते? कागद त्यांच्याकडे होता.

४ फेब्रुवारी

दरीतून स्प्रूसच्या खोडाची एक चकती कापून आणली. लोटाचा फटका बसलेलं झाड मरत नाही, जखम झाकत वाढतं. कडेपासून आत वलयं मोजत गेलं की जखमेचं साल मिळतं. या झाडाला दोन जखमा. १९५१ आणि १९६६. दोन्ही नकाशाच्या आधीच्या. आणि झाड रेघेच्या खाली.

चकती जेवणाच्या टेबलावर राहिली होती. सासऱ्यांनी उचलली. चष्मा लावला. नखाने वलयं मोजायला लागले. मी चहा ओतत होते. ओतत राहिले.

‘अशी किती?’

‘एकतीस झाडं. रेघेच्या खाली.’

‘सगळ्यांवर हीच सालं?’

‘जवळपास सगळ्यांवर.’

चकती ठेवली. ‘चहा गार आहे,’ म्हणाले.

चहा गार नव्हता.

५ फेब्रुवारी

आज इतका चमचा वाजला की पियालीचा टवका उडाला! सासूबाईंनी त्याचंही खापर माझ्यावर फोडलं.

‘आवाज छातीतून काढ. चोरून बोलतेस. काही चोरलंयस का?’

‘नाही, बाबा.’

‘मग मालकिणीसारखं बोल.’

मालकीण! या घरात मीठसुद्धा विचारून घ्यावं लागतं.

९ फेब्रुवारी

मेदेरला तोडगा सापडला. फार खूश होता. गाडीत सांगितलं, घरात नको म्हणून.

‘नव्वदनंतर लोकांनी जळणासाठी वरचं जंगल तोडलं. तोडलं ना? मग तसंच सांग. नकाशा तेव्हा बरोबर होता, आता परिस्थिती बदलली. कुणाचाच दोष नाही.’

‘जखमा जंगल तोडायच्या आधीच्या आहेत.’

‘ते कोण विचारणार आहे?’

‘इसाकोव काय करेल माहीत आहे? वर रोपं लावेल. फोटो काढेल. आणि खाली वसतिगृह बांधेल.’

‘तुला बाबांना खाली पाडायचंच आहे, बुरुल.’

तो चांगला माणूस आहे असं मी लग्नात सगळ्यांना सांगितलं होतं. आहेही. चांगल्या माणसाचा इतका राग येऊ शकतो हे तेव्हा माहीत नव्हतं.

१४ फेब्रुवारी

‘चित्रावर अक्षरं नकोत,’ सासरे म्हणाले. ‘माणूस एक तर वाचतो, नाही तर ऐकतो. दोन्ही करत नाही.’

लॅपटॉप मांडीवर घेऊन एकेका चित्रावर थांबले. हे काढ. हेही काढ. सातव्यावर आले. नकाशाच्या कोपऱ्यात छापलेलं त्यांचं नाव होतं. साल, संस्था, नाव. मला वाटत होतं तेवढं तरी राहील. मी घेतलं नाही तरी डोळ्यांना दिसेल.

‘हेही.’

‘बाबा, हे तर मूळ नकाशावरच आहे—’

‘अक्षरं आहेत की नाहीत?’

काढलं. साल तेवढं राहू दिलं.

वक्तृत्व म्हणे! लबाड म्हातारा!

२२ फेब्रुवारी

प्रश्नोत्तरांचा सराव सुरू. हे तर नाटकच.

‘प्रश्न आला की आधी तो परत म्हण. मोठ्याने. विचारणाऱ्याच्याच शब्दांत. एक शब्द बदलायचा नाही.’

‘का?’

‘मागच्या रांगेला प्रश्न ऐकू गेलेला नसतो. तुलाही श्वास मिळतो. मग एका वाक्यात उत्तर. मग गप्प. लोक उत्तर देऊन झाल्यावर बोलत राहतात, तिथे मरतात.’

प्रश्न विचारायला सासूबाईंना बसवलं. त्यांनी विणकाम बाजूला ठेवलं, पदर सावरावा तसा डोक्यावरचा रुमाल सावरला आणि विचारलं, ‘पातेलं का करपलं?’

‘प्रश्न असा आहे की, पातेलं का करपलं. मी इथे उभी होते म्हणून करपलं.’

‘बरं,’ सासरे म्हणाले. ‘पुढे.’

‘तुझ्या आईने तुला काय शिकवलं?’

‘प्रश्न असा आहे की, माझ्या आईने—’

टण्!

‘तिने “तुझ्या” म्हटलं. तू “माझ्या” केलंस. एक शब्द बदलायचा नाही म्हटलं ना!’

‘प्रश्न असा आहे की, तुझ्या आईने तुला काय शिकवलं.’ गिळलं. ‘गप्प बसायला शिकवलं.’

सासूबाई पुढचे प्रश्न विचारतच राहिल्या. फार रंगल्या होत्या. मुलं कधी? पगार किती? स्वतःला कोण समजतेस? मी सगळे परत म्हटले.

१ मार्च

रोज प्रश्न. रोज. बाकी भाषण जवळजवळ सोडून दिलंय त्यांनी. मी बसमध्येही मनातल्या मनात लोकांचे प्रश्न परत म्हणते. आज दुकानदाराने ‘पिशवी हवी का?’ विचारलं. ‘प्रश्न असा आहे की पिशवी हवी का,’ मी म्हटलं. मोठ्याने! रांगेतले हसले.

हे शिक्षण नाही, कुत्र्याला वळण लावतात तसं आहे.

९ मार्च

सासूबाईंनी स्वयंपाकघरात गाठलं. तळायच्या बोरसोकसाठी कणीक मळत होते.

‘सभागृहात त्यांचं नाव घेणार आहेस म्हणे.’

ताजिगुलबाईंच्या तोंडाला कुलूप नाही.

‘मी चव्वेचाळीस वर्षं या घरात आहे,’ त्या म्हणाल्या. ‘यांच्या थोरल्या भावाचं नाव मी कधी घेतलं नाही. तो मेला. दगडावर नाव कोरलं. मी त्या दगडापुढे दुवा मागते, पण तिथे काय लिहिलंय ते वाचत नाही. डोळे खाली ठेवते.’

‘आई, तिथे मुलं झोपणार आहेत.’

‘मुलांचं मला सांगू नकोस. तुला झाली की सांग.’

कणीक इतकी मळली की दगड झाली.

१८ मार्च

उद्या.

दुपारी सासरे बाल्कनीत फोनवर होते. थंडीत, दार लावून. मी चहा घेऊन गेले तर हातानेच ‘जा’. काचेतून एवढंच ऐकू आलं, ‘पुन्हा म्हण.’ मंडळातलाच कुणी असणार. त्यांचे निम्मे विद्यार्थी मंडळात आहेत. नातेवाईक म्हणून यांना स्वतःला मत नाही, म्हणून दुसऱ्यांच्या तोंडी घालतायत! त्यांनाही पाठ करून घेतायत!

मग सगळं आपोआप लागलं. अक्षरं का काढायला लावली. चमचा सातव्या चित्रावर का वाजत नाही. मला चांगलं बोलायला शिकवायचं, आणि जे बोलायचं तेच बोलू द्यायचं नाही.

ठरलं. उद्या घेणार. खणखणीत. पहिल्या रांगेने माना वळवाव्यात.

संध्याकाळी एकच वाक्य बोलले. ‘उद्या लाटणं आणू नकोस, तिथे काठी असते.’ विनोद असावा. मी हसले नाही.

१९ मार्च

घेतलं नाही.

सहा चित्रं पाण्यासारखी गेली. पहिलं वाक्य: ‘तुयुक-जारमध्ये बर्फाचा लोट आपल्याला वाटतं त्यापेक्षा खाली येतो.’ सभागृह बसल्या जागी स्थिर झालं, ते मला जाणवलं. शेवटच्या रांगेशी बोलत होते.

सातवं चित्र. दुसऱ्या रांगेत सासरे, गुडघ्यावर पांढरी काल्पाक टोपी. शेजारी सासूबाई, पांढरा रुमाल. मी तोंड उघडलं. नाव जिभेवर होतं. होतंच! आणि बाहेर आलं ते, ‘१९७८चा एक जुना नकाशा.’

सभागृहाने श्वास सोडला. मंडळातल्या एका म्हाताऱ्याने मान डोलावली, सून कशी असावी तर अशी. सगळ्यांना माहीत होतं नकाशा कुणाचा. डोंगर शिकण्यात आयुष्य घालवलेली माणसं. सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळ्यांना बरं वाटलं.

वेळेत संपवलं. टाळ्या. मग ताजिगुलबाई मार्गदर्शक म्हणून बोलायला उठल्या. मला वाटलं, आता या घेतील. ‘पूर्वीच्या काही कामांच्या मर्यादा,’ म्हणाल्या! मर्यादा! मान वळवून तोंड बघणार होती ना?

प्रश्न. दोन-तीन मऊमऊ. मग मागून इसाकोव उठला. जाडा, कोटाचं बटण लावत.

‘मी काही तज्ज्ञ नाही. साधा प्रश्न आहे. तो जुना नकाशा चुकीचा, हे कळलं. पण आमच्याकडे नवा नकाशा आहे, रंगीत,’ आणि इथे त्याने सासऱ्यांचं नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट, ‘यांचा. मग वसतिगृहाला हरकत नाही ना?’

रंगीत नकाशा म्हणजे तोच नकाशा. एक्क्याण्णव साली पुन्हा छापला, डोंगर तपकिरी केले, नदी निळी केली. रेघ तीच.

हे सभागृहात प्रत्येकाला माहीत होतं. कुणी बुटांकडे पाहत होतं, कुणी छताकडे. एकानेही तोंड उघडलं नाही. आणि हे माझ्यामुळे झालं होतं. मी नाव टाळलं, म्हणून या माणसाने दोन नकाशे केले. एक चुकीचा, कुणाचाच नसलेला. दुसरा बरोबर, आक्साकाळांचा.

मी काही ठरवलं नाही. हे इथे प्रामाणिकपणे लिहिते. धैर्य वगैरे काही नव्हतं. प्रश्न आला आणि तोंड आपोआप सुरू झालं.

‘प्रश्न असा आहे की, आमच्याकडे नवा नकाशा आहे, रंगीत—’

आणि पुढचे शब्द त्याचे होते. एकही बदलायचा नव्हता. नाव आलं. मग वडिलांचं नाव आलं. माझ्या आवाजात, छातीतून.

श्वास.

‘तो हाच नकाशा आहे, रेघ हीच आहे, आणि वसतिगृह लोटाच्या वाटेत आहे.’

मग गप्प.

एका पर्सचा खटका बंद झाल्याचा आवाज आला. सासूबाई उठल्या. रांगेतल्यांचे गुडघे ओलांडत बाहेर गेल्या. सासरे हलले नाहीत. माझ्याकडे पाहिलं नाही. पडद्याकडे पाहत राहिले, जिथे नुसती रेघ होती, अक्षर एकही नाही.

मतदानात पास झाले. दोन मतं विरुद्ध. ती कुणाची, हे मला बाल्कनीला विचारावं लागेल.

नंतर मेजवानी, आमच्याकडूनच, आधीच ठरलेली. बेशबार्माक, मटण-शेवयांचं मोठं ताट, आलं, मेंढीचं डोकं आलं. डोकं सर्वांत वडीलधाऱ्याच्या पुढे ठेवायचं. तो कान कापून देतो, मग बाकीचे जेवतात. सासरे आलेच नव्हते. इतर कुणी हात लावेना. शेवटपर्यंत ते डोकं टेबलाच्या मधोमध तसंच पडून होतं, आणि लोक त्याच्याभोवती माझं अभिनंदन करत होते.

२० मार्च

सकाळी मी चहाची किटली उचलायला गेले. सासूबाईंनी हातातून घेतली. स्वतः ओतला, माझ्या पियालीत. काठोकाठ.

आमच्याकडे पाहुण्याला पियाली अर्धीच भरून देतात, म्हणजे त्याने बसावं, पुन्हा मागावा. काठोकाठ म्हणजे, प्या आणि निघा.

प्यायले. जीभ भाजली.

२१ मार्च

नोरूझ. घर पाहुण्यांनी भरलेलं. मी दाराशी चपला लावत होते. आतून ऐकू येत होतं.

‘हीच का ती?’

‘हीच. भर सभेत म्हणे!’

‘वडिलांच्या नावासकट?’

‘वडिलांच्या नावासकट!’

मेदेरच्या आत्याचा तालासहून खास फोन. जावांचे फोन. दरीबद्दल एकीनेही विचारलं नाही. बर्फाबद्दल नाही, मुलांबद्दल नाही. वीस मिनिटं बोलले, आणि सगळ्या बिश्केकला त्यातले दोनच शब्द ऐकू गेले!

मेदेर भिंतीकडे तोंड करून झोपतो. सगळं घराणंच भिंतीशी बोलतं.

२४ मार्च

सासरे आज बोलले. परीक्षेनंतर पहिल्यांदा.

मी बोळात कोट अडकवत होते. ते तिथेच, खुंट्यांखाली, स्टुलावर. चमचा नाही, पियाली नाही. नुसतेच बसलेले.

‘शेवटचं अक्षर गिळलंस.’

‘कशाचं, बाबा?’

‘माझ्या वडिलांच्या नावाचं. मागच्या रांगेला ऐकू गेलं नसेल.’

आणि उठून आत गेले.

चूक काढली! यातही चूक काढली! घर तुटतंय, बायको तोंड बघत नाही, मुलगा भिंत बघतो, आणि या माणसाला काय खटकलं, तर उच्चार! असा माणूस मी पाहिला नाही. पाहायचा नाही.

संस्थेमागे एक खोली भाड्याने आहे. गुरुवारी बघून येणार.

२७ मार्च

इसाकोवच्या कचेरीतून निरोप. वसतिगृहाची सही थांबवली आहे. झाडांचे सगळे आकडे आणि नवी रेघ घेऊन या.

मेदेरला सांगितलं. ‘छान,’ म्हणाला. मग, ‘आईला सांगू नकोस.’

सांगितलं नाही. सासूबाई बाजारात गेल्या होत्या. सासरे खोलीत होते, दार उघडं. मी मुद्दाम बोळातून मेदेरशी मोठ्याने बोलले, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं. आतून खोकला आला फक्त.

२८ मार्च

खोली पाहिली. खिडकी विटांच्या भिंतीवर उघडते. तरी हो म्हणणार आहे. सोमवारी सांगायचं.

१ एप्रिल

सकाळी इसाकोवकडे. नकाशे पसरले, त्याने नव्या रेघेवरून बोट फिरवलं, खुंट्या उपटायला माणूस पाठवतो म्हणाला. मी निघाले. दारापर्यंत सोडायला आला.

‘बाई, आक्साकाळ रागावले तर नाहीत ना माझ्यावर?’

‘तुमच्यावर कशाला?’

‘नाही, विचारलं बरोबर ना मी? आदल्या दिवशी फोनवर कितीदा म्हणवून घेतला प्रश्न! मी आपला आडनाव घेऊन मोकळा होत होतो. तर म्हणाले, पूर्ण घे, वडिलांच्या नावासकट. तू जेवढं घेशील तेवढंच ती परत म्हणेल.’

खोलीच्या मालकाकडे गेले नाही.

या वहीत पहिल्यांदा लिहिते. शार्शेन तुर्गानोविच. शेवटच्या अक्षरासकट.